परसातली फुलं टिपायची तर आधी त्यांची वेळ ओळखा

गावच्या घरी फुलांचे फोटो काढायचे तर पहिली स्पर्धा देवपूजेशी. तुम्ही डोळे चोळत परसात जाता तोवर जास्वंद परडीत गेलेली असते. म्हणून आधी घरात तह करा. मी आईला म्हटलं, "विहिरीकडची फांदी माझी." ती म्हणाली, "देवाला विचार." शेवटी दोन फुलांवर मिटलं.

मग एक वही करा. अख्खी बाग नको, तीन-चार झाडं पुरेत. आठवड्यातून एकदा तारीख, वेळ, कळ्या किती, फुलावर कोण बसलंय एवढंच लिहा. दरवेळी एकाच जागेवरून पूर्ण झाडाचा एक फोटो घ्या. जागा चुकू नये म्हणून मी तिथे चिऱ्याचा तुकडा पुरलाय.

वेळ फुलाची धरायची, आपल्या सवडीची नाही. गुलबक्षी उन्हं कलल्यावर उमलते नि दुसऱ्या दिवशी सकाळी मिटते. मोगऱ्याची चैत्र-वैशाखातली टपोरी कळी संध्याकाळी फुटते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात प्राजक्त अंधार पडल्यावर उमलतो आणि पहाटे गळतो. तो फांदीवर हवा असेल तर रात्रीच जा, बॅटरी समोरून न मारता बाजूने, पातळ कागदाआडून धरा. सडा हवा असेल तर अंगणात झाडू फिरायच्या आत उठा. खाली पडलेली बरीच फुलं पालथी असतात, केशरी देठ वर. मला तोच फोटो जास्त आवडतो.

फोन असला तरी भागतं. लेन्स धोतराला नाहीतर पदराला पुसा, स्वयंपाकघरातला तेलकट हात तिथे हमखास लागलेला असतो. फुलात फोन खुपसू नका. हातभर मागे राहून दुप्पट झूम करा. उकिडवं बसून फुलाच्या उंचीला या, कोपरं अंगाशी घ्या, स्क्रीनवर दिसणाऱ्या पुंकेसरांवर बोट टेकवा. शेजारी सूर्याचं चिन्ह येतं, ते जरा खाली ओढून उजेड कमी करा. पांढऱ्या मोगऱ्याच्या पाकळ्या तरच दिसतात. लाल जास्वंदीचंही तसंच, भर उन्हात तिचा नुसता लाल गोळा होतो. श्रावणातलं ढगाळ आभाळ तेरड्याला नि जास्वंदीला सगळ्यात मानवतं. वारा असेल तर छत्री आडवी धरा.

जास्वंदीपाशी मात्र पाच मिनिटं नुसते बसा. मधल्या दांडीच्या टोकाला पाच लाल ठिपके दिसतील, खाली पिवळे परागकण. तेवढ्यात शिंजीर आला तर चोच कुठे घालतो बघा. पुष्कळदा तो समोरून येतच नाही, देठाकडून भोक पाडून मध पितो. परागाला शिवतही नाही, लबाड!

दसऱ्याच्या तोरणातला वाळका झेंडू टाकू नका. एक फूल उकलून तळहातावर पसरा आणि फोटो काढा: आपण जिला पाकळी म्हणतो ती प्रत्येक स्वतंत्र फूल असते. पाकळीच्या बुडाला बारीक काळं बी सापडलं तर कागदात गुंडाळून ठेवा. मृगाचा पाऊस पडला की पेरा आणि वहीचं नवं पान कोंबापासून सुरू करा.