बोट ट्रेलरचा सर्ज ब्रेक घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

आम्ही मिशिगनला राहतो, उन्हाळ्यात बहुतेक शनिवारी बोट घेऊन तळ्यावर. मागच्या जूनमध्ये घरी आल्यावर ट्रेलरच्या उजव्या चाकापाशी जळका वास आला, हबजवळ (चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाजवळ) हात नेला तर चांगलीच धग लागली. मी सरळ नवा मास्टर सिलिंडर (ब्रेक फ्लुइड दाबून चाकांकडे पाठवणारा पार्ट) मागवून बसवला आणि पुढच्याच शनिवारी परत तोच वास! दोष कुठे आहे ते न शोधताच पार्ट बदलला, सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

मुळात हा ब्रेक चालतो कसा ते बघा. गाडीने ब्रेक मारला की मागचा ट्रेलर पुढे रेटतो, त्या रेट्याने कपलरचा (गाडीला जोडणाऱ्या तोंडाचा) दांडा अ‍ॅक्च्युएटरच्या खोक्यात आत शिरतो, मास्टर सिलिंडरचा रॉड दाबला जातो आणि फ्लुइड चाकांकडे जातं. गाडी ओढायला लागली की दांडा बाहेर आणि रॉड मागे. रॉड पूर्ण मागे आला नाही तर सिलिंडरमधलं परतीचं बारीक भोक झाकलेलंच राहतं, फ्लुइड टाकीत परत जात नाही, प्रेशर अडकतं आणि ब्रेक घासत बसतो.

म्हणून आधी ही टेस्ट करा. दुसऱ्या चाकाला दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, गरम होणारं चाक उचलून खाली जॅक स्टँड द्या (नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली वाकू नका, प्लीज), चाक हाताने फिरत नसेल तर त्याचा ब्लीडर (फ्लुइड आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) किंचित सैल करा. फ्लुइडची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं तर ड्रममध्ये (चाकातला ब्रेकचा गोल डबा) दोष नाही, प्रेशर मागे कुठेतरी अडकलंय. मग ब्लीडर बंद करून परत चाक जाम होऊ द्या आणि या वेळी मास्टर सिलिंडरपाशी लाइनचा नट सैल करा. तिथेच चाक सुटलं तर दोष अ‍ॅक्च्युएटरमध्ये, तिथे सुटलं नाही पण ब्लीडरला सुटतं तर मधला रबरी होज आतून फुगून बंद झालाय किंवा लाइन चेपलीय. आणि ब्लीडर उघडूनही चाक हलत नसेल तर ड्रम उघडा, शू (ड्रमला आतून घासणारी पट्टी) नाहीतर तो ढकलणारा व्हील सिलिंडर गंजलेला निघेल.

आमच्याकडे दांडाच गंजून अर्ध्यात अडकत होता. वायर ब्रशने घासला, झिजलेले रोलर बदलले, ग्रीस लावलं, झालं काम, नवा सिलिंडर उगाच घेतला. आतला डॅम्पर म्हणजे छोटा शॉकअ‍ॅब्सॉर्बरच, तो गेला की दर ब्रेकला ठक असा धक्का बसतो, तो वेगळा मिळतो.

हे सगळं करण्याआधी ब्रेकअवे केबल (ट्रेलर गाडीपासून सुटला तर ओढली जाऊन ब्रेक लावणारी) मात्र बघा. ती चुकून ओढली गेली की ब्रेक लागलेलेच राहतात आणि लोक उगाच सगळं खोलत बसतात. केबल सेफ्टी चेनला बांधू नका, गाडीला वेगळी अडकवा आणि वळताना ताण येणार नाही एवढी सैल ठेवा.

नवा अ‍ॅक्च्युएटर घेताना ड्रमचा की डिस्कचा ते नीट विचारा. ड्रमवाल्यात लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, तो डिस्कला लावलात तर पॅड कायम घासणार. डिस्कवाल्यांनो, रिव्हर्सला ब्रेक लागत असतील तर पाचव्या वायरचं (गाडीच्या रिव्हर्स लाइटकडून येणाऱ्या) कनेक्शन आणि सोलेनॉइड (रिव्हर्सला फ्लुइड अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह) तपासा. रिव्हर्सला दांडा आत जाऊ नये म्हणून त्यात बोल्ट घालून काम भागवणारे मी पाहिलेत, तो काढायला विसरलात तर हायवेवर ट्रेलरला ब्रेकच नाही.

फ्लुइड डॉट ३, ते पण नव्या सीलबंद बाटलीतलं, कारण उघड्या बाटलीतलं हवेतलं पाणी ओढून घेतं. कोरडं असताना ते २०५ डिग्री सेल्सिअसला तरी उकळत नाही, ओलं झालं की ही हद्द १४० पर्यंत खाली येते. जॅकचं किंवा इंजिनचं ऑइल एक थेंबही नको, सगळे रबरी सील फुगतात.

ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, सगळ्यात लांबच्या चाकापासून. बऱ्याच अ‍ॅक्च्युएटरना खालून फट असते, त्यातून स्क्रू ड्रायव्हरने रॉड हळूहळू पुढे ढकलायचा, आणि रॉड सोडायच्या आधी ब्लीडर बंद करायचा, नाहीतर हवा परत आत. टाकी मधेच रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात, म्हणून एक माणूस टाकीपाशी उभा करा, आमच्याकडे मुलगी उभी असते.

मग रिकाम्या रस्त्यावर आठ-दहा वेळा थांबत फिरवून आणा आणि दोन्ही हबजवळ हात नेऊन बघा, दोन्हीकडे ऊब सारखी लागली पाहिजे. तळ्यावर पोचल्यावर हब गार होऊ द्या मगच ट्रेलर पाण्यात घाला, गरम हब थंड पाण्यात गेला की बेअरिंगमध्ये पाणी ओढलं जातं.