चासी नंबरातल्या एका अक्षराने गाडी अडली, तर

मुंबई बंदरात उतरलेल्या आमच्या गाडीचा चासी नंबर बिल ऑफ लेडिंगशी (जहाज कंपनी देते ती मालाची पावती) जुळेना. त्यात शून्याच्या जागी ‘ओ’ टाइप झाला होता. 17 आकडे-अक्षरांच्या या नंबरात आय, ओ, क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, त्यामुळे चूक कागदाचीच, हे लगेच कळतं.

तरी पुरावा गाडीवरूनच घ्या. कोरलेल्या नंबरवरचं ग्रीस कापडाने स्वच्छ पुसा, पातळ कागद घट्ट धरा आणि मऊ पेन्सिल आडवी घासा. शून्याची कड स्पष्ट उठेपर्यंत दोन-तीन प्रिंट काढा. सोबत कंपनीचं इन्व्हॉइस जोडा.

मग क्रम महत्त्वाचा. आधी शिपिंग लाइनकडून दुरुस्त बिल ऑफ लेडिंग आणि आयजीएममधली, म्हणजे जहाजावरच्या मालाच्या कस्टम्सला दिलेल्या यादीतली, दुरुस्ती (कस्टम्स कायदा 1962, कलम 30(3)). बिल ऑफ एंट्रीची (आयातदाराने कस्टम्सला दिलेल्या अर्जाची) दुरुस्ती त्यानंतर, कलम 149 खाली. उलट केलंत तर कागद पुन्हा जुळत नाहीत आणि डेमरेज (माल बंदरात पडून राहिल्याचा आकार) चढत राहतं.

गाडी वापरलेली असेल तर तिचं वयही तेव्हाच तपासा: आयातीसाठीची 3 वर्षांची मर्यादा उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात, नोंदणीच्या नव्हे. गाडी त्याहून जुनी निघाली तर दुरुस्ती अर्ज कामाचा नाही.