पेटी येते म्हणून पियानो सोपा जाईल? या चुका टाळा

पंधरा वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवली आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी पियानोच्या शिकवणीला जाऊन बसलो. हिशेब साधा होता. पट्ट्या त्याच, कान तयार, बोटं बसलेली. दोन-तीन महिन्यांत हात साफ. सरांनी पहिल्या दिवशी पाऊण तास फक्त पाच स्वर वाजवून घेतले, तेही एकेका हाताने. स्वरांपेक्षा त्यांचं लक्ष माझ्या खांद्यांकडेच जास्त. घरी येऊन बायकोला म्हटलं, फी पाण्यात जाणार.

असं वाटणं ही पहिली चूक. पहिले काही तास बैठक, हाताचा आकार, बोटांचे क्रमांक आणि टाळ्या वाजवून लय मोजणं यातच जातात. दोन्ही हातांचे अंगठे १ नंबर, करंगळ्या ५. बेंच इतकं उंच हवं की कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीला येईल. बसायचं बेंचच्या पुढच्या अर्ध्या भागावर. लहान मुलाचे पाय लोंबकळत असतील तर पायाखाली पाट ठेवा. आणि नखं कापा. पट्टीवर टकटक ऐकू आली की सर आधी नेलकटर पुढे करतात.

सगळे स्वर एकाच आवाजात का येतात?

माझं दुखणं हेच होतं. सूर बरोबर, पण सगळं सपाट. पेटीत पट्टी दाबली की हवेची वाट मोकळी होते आणि रीड बोलते. आवाज लहान-मोठा करतो तो भाता. पट्टी हळू दाबा नाहीतर जोरात, पेटीला फरक पडत नाही. पियानोत पट्टीमागे हातोडी असते. ती तारेवर किती वेगाने आपटली, यावर आवाज ठरतो. आणि एकदा आपटली की तो स्वर विरतच जाणार, भात्यासारखा फुगवता येत नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्सला क्रिस्तोफोरीने 1700 च्या सुमारास हे वाद्य बनवलं ते याच सोयीसाठी. नावातच ‘हळू आणि मोठ्याने’ आहे.

म्हणून घरी स्वस्तातला, दाबाचा फरक न कळणारा कीबोर्ड आणू नका. मी तेच केलं होतं. शिकवणीला सरांच्या पियानोवर बोटं धडपडायची आणि घरी सगळं छान वाजायचं, कारण घरचं वाद्य माझ्या चुका लपवत होतं. परवडत असेल तर 88 पट्ट्यांचा, वेटेड (खऱ्या पियानोसारख्या जड) पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. हेडफोन लावता येतो, शेजारी सुखी राहतात. तेवढं जमत नसेल तर 61 पट्ट्यांचा चालेल, पण ‘टच सेन्सिटिव्ह’ असल्याची खात्री करा आणि पुढेमागे तो बदलावा लागणार हे धरून चाला. कुणाचा जुना लाकडी पियानो मिळतोय म्हणून भुलू नका. तारांच्या खुंट्या ढिल्या झाल्या असतील तर तो सुरात टिकतच नाही. आधी ट्यूनरला दाखवा. पावसाळ्यात दमटपणाने पट्ट्या अडकतात, म्हणून मुंबईत लोक पियानोच्या आत छोटा बल्ब लावून ठेवतात.

सा सरकतो, दो सरकत नाही

मी नोटेशनच्या वहीत प्रत्येक स्वरावर पेन्सिलीने सारेगम लिहून ठेवलं. पांढरी एक, म्हणजे पियानोवरची सी. त्या स्केलमध्ये सगळं छान चाललं. पुढच्या स्केलला घोळ सुरू. आपला सा आज पांढरी एक, उद्या काळी चार. सर मूळचे गोव्याचे, त्यांच्या पोर्तुगीज वळणाच्या शिक्षणात दो-रे-मीतला ‘दो’ म्हणजे कायम पांढरी एक. कागदावरचा ठिपकाही तसाच, एकाच पट्टीला बांधलेला. सारेगम खोडा आणि दोन-तीन खुणेचे स्वर पाठ करून त्यांच्यापासून वर-खाली मोजा. महिनाभर त्रास होईल, एवढंच.

बोटांचंही तसंच. पेटीवर मी सुचेल तशी बोटं टाकायचो. इथे पांढरी एकपासून उजव्या हाताने चढताना सा रे ग ला 1-2-3, मग मधल्या बोटाखालून अंगठा म वर. पण सा पांढरी चारला आला की म जातो काळी पाचवर. तिथे अंगठा गैरसोयीचा, म्हणून 1-2-3-4 झाल्यावर अंगठा प वर. पुस्तकात बोटांचे आकडे छापलेले असतात ते याचसाठी. हात अडखळला की आधी ते बघा. मला तरी दोष बहुतेक वेळा तिथेच सापडला.

रविवारी दोन तास बसून आठवडा भरून निघत नाही. रोज वीस मिनिटं बसा. अडतं तिथून सुरू करा, दर वेळी पहिल्या ओळीपासून नको. नाहीतर पहिली ओळ सुंदर आणि चौथी कच्ची राहते. हात आधी वेगळे, मग अर्ध्या लयीत एकत्र. आणि बिचकत असलात तर स्वर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलवर पाय ठेवू नका, ते चुका झाकत नाही, एकमेकींत कालवतं.

पालकांसाठी एक. ‘ग्रेडची परीक्षा कधी देणार?’ हा प्रश्न पहिल्याच महिन्यात विचारू नका. वर्षभर परीक्षेचे मोजके तुकडे घोटून पास झालेलं मूल नवा सोपा कागदही वाचू शकत नाही, हे मी मुलीच्या बाबतीत पाहिलं. एबीआरएसएम या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या सहाव्या ग्रेडपासून पुढच्या प्रात्यक्षिकाला सर्वसाधारणपणे पाचव्या ग्रेडची थिअरी लागते, तेव्हा थिअरी मागे ठेवून पळण्यातही अर्थ नाही. चुकलेल्या तासाची फी, सुट्ट्या, बदली तास हे मात्र पहिल्याच दिवशी विचारून घ्या. नंतर विचारताना दोघांनाही अवघडल्यासारखं होतं.

मला सगळ्यात जास्त छळलं ते डाव्या हाताने. पंधरा वर्षं भाता मारलेला हात. त्याला करंगळीपासून 5-4-3-2-1 आणि मग मधलं बोट अंगठ्यावरून पलीकडे, हे सहा महिने पटेना. गेल्या गणपतीत मंडळाने आरतीला पुन्हा पेटीवर बसवलं. ‘सुखकर्ता’ सुरू झालं आणि डावा हात आपसूक भाता सोडून पट्ट्यांवर आला. दोन ओळींत हवा संपली, पेटी गप्प, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत.