फ्लाय फिशिंगचं सामान घरातूनच जमवताय? या चुका टाळा

फ्लाय फिशिंगमध्ये आपण फेकतो ती लाइन, म्हणजे जाड, वजनदार दोरी. टोकाची फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळलेला बारीक गळ, तिला सांगण्यासारखं वजनच नसतं. हे ध्यानात न घेता स्वस्त पर्याय शोधला की पहिली चूक तिथेच होते. बाजारातल्या 5 नंबरच्या लाइनचे पहिले 30 फूट साधारण 9 ग्रॅम भरतात. तेवढ्याच लांबीची, 0.5 मिलिमीटर जाडीची तंगूस (मासेमारीचा साधा नायलॉन धागा) जेमतेम 2 ग्रॅम भरते. म्हणून फ्लाय रॉडच्या रिळावर लाइनऐवजी तंगूस भरली, तर कितीही जोर लावा, फ्लाय पुढे जात नाही.

लाइनचा खर्च परवडत नसेल तर रिळाचाच नाद सोडावा. जपानच्या तेनकारा पद्धतीत रीळ नसतंच. लांब काठी, तिच्या शेंड्याला जवळपास काठीएवढीच लाइन, आणि पुढे हातभर बारीक तंगूस. आपल्याकडे गडचिरोली-मेळघाटात बांबूची काय कमी? सरळ, वाळलेला, शेंड्याकडे लवणारा बांबू निवडा. ओला घेतलात तर वाकतो आणि तसाच राहतो.

या काठीसाठी लाइन घरी वळता येते. अंबाडीचं चऱ्हाट वळतात तशीच: दोन पदरांना एकाच दिशेनं पीळ द्यायचा, मग दोन्ही एकत्र धरून उलट्या दिशेनं सोडायचे. काठीकडे दोरे जास्त आणि टोकाकडे कमी ठेवायचे, म्हणजे लाइन निमुळती होते. या निमुळतेपणामुळे जोर टोकापर्यंत नीट पोचतो. सगळीकडे सारखी जाड वळलेली लाइन शेवटी वेटोळं होऊन पाण्यावर आदळू शकते आणि मासे पांगतात. दोरा शिलाईचा पॉलिएस्टरच घ्या. सुती दोरा पाणी पितो, जड होतो आणि ओला ठेवला तर कुजतो. लाइन आपोआप गोल गोल फिरत असेल, तर दोन पदरांना पीळ कमीजास्त पडला आहे. उकलून पुन्हा वळा, ओढून ताणून ते सुधारत नाही.

भंडाऱ्याकडे कोसा रेशीम आहे आणि जवस तर विदर्भाच्या शेतातलं. प्लास्टिकच्या लाइनी येण्याआधी विलायतेत रेशमी लाइनींवर जवसाचं तेल चढवत, त्यामुळे कोशाच्या धाग्यावर आपणही तेच करावं असं वाटणं साहजिक आहे. करा, पण घाण्याचं कच्चं तेल एकदाच थापू नका. ते वाळायला फार वेळ घेतं, चिकट राहतं आणि धूळ धरतं. अगदी पातळ थर, तो पूर्ण वाळल्यावर घासणं, मग पुढचा थर, असं संयमाचं काम आहे ते. तेल पुसलेली चिंधी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि अशी चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती पाण्यात भिजवा किंवा बाहेर उघड्यावर पसरून वाळवा.

तंगुसाचे तुकडे काठावर सोडू नका. नायलॉन कुजत नाही आणि गोंदियाच्या तळ्या-बांध्यांमधून सारस पक्षी चालतात, त्यांच्या पायात ते गुंतू शकतं.

आता फ्लाय तरंगवण्याचं. व्हॅसलीन चालतं, पण कणभर. बोटांवर चोळून जवळपास नाहीसं झालं की मगच पिसांना लावायचं. जास्त लावलं की पिसं चिकटून गोळा होतो. बदकाच्या शेपटीजवळच्या मऊ पिसांची फ्लाय असेल तर व्हॅसलीन नकोच, ती पिसं मुळातच पाणी टाळतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा डबीतलं व्हॅसलीन पातळ होऊन सांडतं. मधमाशीचं मेण 62 अंशांच्या आसपास वितळतं. चार भाग व्हॅसलीनला एक भाग मेण घ्या आणि गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा. हे मिश्रण उन्हाळ्यात टिकतं. वळलेल्या दोऱ्याच्या लाइनलाही तेच चोळा, कारण पॉलिएस्टर पाण्यापेक्षा जड असतं.

खोबरेल तेल यासाठी नको. हिवाळ्यात ते थिजलेलं असतं म्हणून फसायला होतं, पण 25 अंशांच्या आसपास वितळतं आणि पाण्यावर तवंग सोडून निघून जातं.

भिजलेली फ्लाय बुडत असेल तर तिच्यावर आणखी व्हॅसलीन थापू नका, पाणी आतच कोंडलं जातं. आधी माशाचा बुळबुळीतपणा धुवा, सुती फडक्यात दाबा, मग वाळवा आणि शेवटी व्हॅसलीन लावा. वाळवायला चपलांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या उत्तम. डबीत दाणे टाका, फ्लाय घाला, हलवा. दाणे कुटायचे असतील तर नाकाला फडकं बांधा आणि निळे दाणे वापरू नका, त्यांच्या रंगात कोबाल्ट असू शकतं. चुलीची राख किंवा चुना यासाठी अजिबात नको. दोन्ही क्षारयुक्त असल्यानं पिसं खराब होतात आणि चुना डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो.

फ्लाय तरंगते पण तिच्यामागची तंगूस पाण्यावर चमकते, म्हणून मासे बिचकतात. मुलतानी माती, थोडं ग्लिसरीन आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब घालून घट्ट लगदा करा आणि तंगुसाच्या शेवटच्या हातभर भागाला चोळा. तंगूस पाण्याखाली जाते. त्याच बोटांनी फ्लाय धरली तर तीही बुडते, म्हणून मध्ये हात धुवा.

ज्यांच्याकडे बाजारातली पीव्हीसी आवरणाची लाइन आहे, त्यांनी ती पेट्रोल, रॉकेल आणि व्हॅसलीनपासून लांब ठेवावी. कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे, पण साबणाचा अंश राहिला तर लाइन बुडते, म्हणून भरपूर पाण्यानं खळबळा. धुण्याचा सोडा नको. गाडीच्या डिक्कीत किंवा टिनाखाली ती मे महिन्यात ठेवू नका. संध्याकाळी तळ्यावर डास फार असतात, पण डीट असलेलं डास पळवणारं औषध प्लास्टिक विरघळवतं. ते हाताच्या मागच्या बाजूनं लावा, तळवे कोरडे ठेवा. आणि तळं बहुधा मच्छीमार संस्थेकडे ठेक्यानं असतं, काठी काढण्याआधी संस्थेच्या माणसाला विचारा.