लेकीचं दुसरं घर आणि तिथली बाई: व्यवहार कसा ठेवायचा

माझ्या फोनमध्ये तिचा नंबर ‘ठाणे घर’ या नावाने सेव्ह आहे. सुरुवातीला तिचं नाव टाइप करायला बोट धजलं नाही, नंतर बदलायचं राहूनच गेलं. ती म्हणजे माझ्या लेकीची सावत्र आई. आम्ही डोंबिवलीत, ते ठाण्यात. लेक (घरी तिला चिऊ म्हणतो) साडेदहा वर्षांची, पाचवीत आहे. घटस्फोट झाला तेव्हा चारची होती, तिच्या बाबांनी दुसरं लग्न केलं तेव्हा सहाची. आमच्या ब्रँचमधल्या एकीचं सध्या तेच चाललंय. ‘तुझं कसं काय जमतं गं तिच्याशी?’ असं ती परवा विचारत होती. तिला डब्याच्या सुट्टीत सांगून पुरलं नाही, म्हणून लिहिते.

मैत्रिणी व्हायच्या भानगडीत पडू नका. मला ते जमलेलं नाही आणि तिलाही तशी हौस नाही. पण माझी पोरगी महिन्यातल्या काही रात्री त्या घरात झोपते. तिथे तिची वेणी कोण घालतं आणि ताप आला तर कोण उठतं, हे मला ठाऊक आहे. तेवढ्यापुरता व्यवहार चोख हवा.

भांडणं बहुतेक कागदातल्या फटीतून येतात. मी बँकेत, दुसरा-चौथा शनिवार मला सुट्टी, म्हणून कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी संमतीने कोर्टात लिहून दिलेल्या अटींत) बाबांचा ॲक्सेस, म्हणजे लेकीला घेऊन जायचे दिवस, पहिल्या आणि तिसऱ्या शनिवार-रविवारी ठेवला. काही महिन्यांत पाच शनिवार येतात हे ना वकिलांच्या लक्षात आलं, ना आमच्या. त्या पाचव्या शनिवाराने दोन वर्षं आमचं डोकं खाल्लं. शेवटी तोडगा तिनेच काढला: जानेवारी, मार्च, मे अशा विषम महिन्यांतला पाचवा त्यांचा, उरलेल्यांतला माझा. आता डिसेंबरात मी दोन कालनिर्णय आणते, दोन्हींवर लाल पेनाने गोल करते आणि एक ठाण्याला पाठवते. मोबाइलमध्ये कॅलेंडर असतं हो, पण भिंतीवरचं चिऊला दिसतं. तुमचे कागद अजून व्हायचे असतील तर पाचवा शनिवार, ने-आण कुठे आणि किती वाजता, मे महिन्याची अर्धी सुट्टी कोणत्या तारखेपासून मोजायची, हे सगळं त्यातच लिहून घ्या. निकाल लागून गेला असला तरी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलांबाबतचा आदेश बदलून मागता येतो.

मग कामांची वाटणी. फी, शाळा बदलणं, पासपोर्ट, पैसे, कोर्ट हे सगळं फक्त चिऊच्या बाबांशी. मध्यंतरी हे महाशय प्रत्येक गोष्टीला ‘तिलाच विचार’ म्हणायला लागले होते. मी साफ सांगितलं, फी तिने ठरवलेली नाही. डबा, औषध, वेणी-फणी, गृहपाठ मात्र थेट तिच्याशी, मध्ये कोणी नको. नवऱ्यांमार्फत गेलेला निरोप पोचेपर्यंत त्याचं काय होतं, हे संसार केलेल्या कुणालाही माहीत आहे.

वाटणी अशीच का, याला कायद्याचंही कारण आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालक म्हणून जे आई-वडील धरलेत, त्यांत सावत्र आई-वडील येत नाहीत. मी हे वाचलं तेव्हा आधी, खरं सांगते, बरं वाटलं. मग लक्षात आलं की पालक म्हणून सही हिची चालणार नाही, पण रात्री दोनला थर्मामीटर धरायचा तो हिनेच. तेव्हा मी एक प्लास्टिकची फाइल केली: लसीकरणाच्या कार्डाची झेरॉक्स, रक्तगट, कोणत्या औषधाने चिऊच्या अंगावर पित्त उठतं, आमच्या डॉक्टरांचा नंबर. शाळेच्या पिकअप कार्डावर तिचंही नाव घातलं. फाइल दिली त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, “हे आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं.” टोमणा होता की नव्हता, मी विचार करत बसले नाही.

आता उवा. पहिल्यांदा झाल्या तेव्हा चिऊ रविवारी ठाण्याहून मानेपर्यंत केस कापून आली. दोन वर्षं तेल लावून वाढवलेले केस! मी डोंबिवली स्टेशनवर, तिकीट खिडकीच्या रांगेसमोर, पोरीच्या देखत तिच्या बाबांना नको ते बोलले. पोरगी दोन्ही हातांनी डोकं झाकून उभी होती. ते चित्र अजून डोळ्यांपुढून जात नाही. वर्षभराने परत झाल्या. एका गुरुवारी माझ्या लक्षात आलं. उवांचं औषध एकदा लावून भागत नाही. लिखा शिल्लक राहतात, फुटतात आणि पुन्हा पहिल्यापासून. सात ते दहा दिवसांनी दुसरा हात द्यावाच लागतो, आणि माझा नववा दिवस नेमका तिसऱ्या शनिवारी येत होता. म्हणजे दुसरा हात ठाण्यात. तासभर फोन हातात घेऊन बसले, मग लावला. पलीकडून आधी शांतता, मग म्हणाली, “अहो, माझ्याही डोक्यात झाल्यात. मला वाटलं तुम्हाला कसं सांगायचं.” उवांना कन्सेंट टर्म्स कळत नाहीत. दोघी हसलो. बारीक दातांची फणी मी बॅगेत घालून पाठवली, उशांचे अभ्रे दोन्हीकडे एकाच दिवशी गरम पाण्यात धुतले. केस परत कापायची वेळ आली नाही.

‘अहो-तुम्ही’ आम्ही अजून सोडलेलं नाही, आणि तुम्हीही घाईने सोडू नका. ‘तू’वर आलं की भांडणाचा वेग वाढतो. ‘तुम्ही’ म्हणून फार खालच्या पातळीवर उतरता येत नाही. लिहून बघा.

डबा रिकामा परत करायचा नाही, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. एका दिवाळीत चिऊसोबत मी चिवडा पाठवला, खरं तर चिऊला तो फार आवडतो म्हणून. डबा परत आला तो धुऊन, आत चमचाभर साखर. मी पाहतच राहिले. माझी आई म्हणाली, “बघ, करायचा कंटाळा.” मला तसं वाटलं नाही. घरात तेव्हा तिचं महिन्याभराचं बाळ होतं, आणि तरीही डबा रिकामा येऊ दिला नव्हता. तेव्हापासून एक स्टीलचा डबा फिरतोय. कधी साबुदाण्याच्या चकल्या, कधी नुसती चार लिंबं. त्यावर आम्ही बोलत नाही.

आजी मंडळींना मात्र आवरावं लागतं. ‘नीट जेवायला घालते ना गं?’ हा प्रश्न प्रेमाचा असतो, पण त्याचं उत्तर देताना पोराला कुणाची तरी बाजू घ्यावी लागते. मी स्वतःही रविवारी रात्री उलटतपासणी घ्यायचे. परिणाम असा की चिऊ खोटं बोलायला शिकली. तलावपाळीला बोटीत बसून आली होती, सांगितलं ‘घरीच होतो, वरणभात खाल्ला’. आता रविवारी रात्री एकच प्रश्न: गरम पाणी काढू का? बाकीचं ती मंगळवारपर्यंत आपणहून ओकते. (मूल खरंच घाबरतंय, अंगावर वळ आहेत, असं काही असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि 1098 ला फोन करा.)

हाक कोणती मारायची ते पोरीवर सोडा. मी ‘मावशी म्हण’ सुचवलं आणि आईचा चेहरा पाहून जीभ चावली. मावशी म्हणजे माझी बहीण की! चिऊने दोन महिने काहीच हाक न मारता काढले, नंतर ‘काकू’वर स्थिरावली. शाळेत ध्रुवबाळाची गोष्ट झाली त्या दिवशी मात्र घरी येऊन विचारलं, “काकू सुरुची आहे का?” मी म्हटलं, “तुला मांडीवरून उठवते का?” म्हणाली, “नाही, बाळाला उठवते आणि मला बसवते, बाळ चावतं म्हणून.” विषय संपला.

दिवाळीची वाटणी आमच्याकडे सणानेच केली. पहिली आंघोळ आणि लक्ष्मीपूजन माझ्याकडे. पाडव्याला मुली वडिलांना ओवाळतात, दुसऱ्या दिवशी भाऊबीज, आणि तिचा भाऊ ठाण्यात. माझा भाऊ येतो तेव्हा पोरगी घरात नसते, याचं वाईट वाटतं. वाटू दे. ‘सावत्र भाऊ’ हा शब्द माझ्या घरात कुणी उच्चारत नाही.

अलीकडचं एक. चिऊची उंची झपाट्याने वाढतेय. पाळी यंदा येईल की दोन वर्षांनी, सांगता येत नाही, आणि कोणत्या घरी येईल तेही नाही. चार दिवस घोळवून मी ठाण्याला तिच्या काकूंना फोन केला. म्हटलं, पॅड्सचं एक पाकीट तिकडेही ठेवायला हवं, मी पाठवते.

“ठेवलंय,” ती म्हणाली. “तिच्या कपाटात, खालच्या कप्प्यात, टॉवेलखाली. पण तिला सांगायचं तुम्हीच. मी वाट बघत होते तुमच्या फोनची.”

बुधवारी भाजी निवडताना चिऊला सगळं सांगितलं. ठाण्याचा खालचा कप्पाही सांगितला.