धावपट्टीसाठी सरकारी निधी: प्रस्ताव मंत्रालयातून परत येऊ नये म्हणून

प्रस्तावाची पहिली ओळ लिहिण्याआधी एकच चौकशी करा: विमानतळ कोणाच्या मालकीचा? मुंबई आणि नवी मुंबईचे मोठे विमानतळ खासगी भागीदारीतल्या कंपन्या चालवतात. तिथला भांडवली खर्च प्रवासी आणि विमान कंपन्यांकडून घेतलेल्या शुल्कातून वसूल होतो. जुहू भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे. राज्याच्या तिजोरीतून निधी मागायचा तो अमरावती, धुळे, कराड यांसारख्या जिल्ह्यांतल्या धावपट्ट्यांसाठी. फाईल मात्र मुंबईतच फिरते. कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी, तिथून मंत्रालयात सामान्य प्रशासन विभागाचे विमानचालन कार्यासन, मग वित्त विभाग.

केंद्राचा पैसा हवा असेल तर छोट्या शहरांना विमानसेवेने जोडणारी 'उडान' योजना आहे, 2016 पासूनची. इथे सगळ्यात जास्त गैरसमज होतो. 'आमच्याकडे धावपट्टी आहे, दुरुस्त करून द्या' एवढ्यावर या योजनेत पैसे मिळत नाहीत. एखाद्या विमान कंपनीने त्या गावाचा मार्ग बोलीत घेतला, तरच विमानतळाच्या पुनरुज्जीवनाचा खर्च पुढे सरकतो. म्हणून अर्जाआधी कंपन्यांशी बोला: कोणते विमान, कुठून कुठे, आठवड्यातून किती फेऱ्या. राज्यालाही हमी द्यावी लागते. तोटा भरून काढण्याच्या अनुदानात राज्याचा वाटा 20 टक्के. विमान इंधनावरचा व्हॅट 1 टक्का किंवा त्याहून कमी, तोही दहा वर्षे. जमीन विनामूल्य, पोलीस आणि अग्निशमन विनामूल्य, वीज-पाणी सवलतीत. वित्त, गृह, ऊर्जा अशा विभागांची संमतिपत्रे आधीच जोडलेली असतील तर फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर शेरे गोळा करत हिंडत नाही. बोलीच्या प्रत्येक फेरीचे कागद नव्याने वाचा. मागच्या फेरीचा नमुना भरून पाठवला की तो हमखास परत येतो.

विमान ठरले की बाकीचे आकडे आपोआप ठरतात. एटीआर-72 या छोट्या, पंख्यांच्या प्रवासी विमानासाठी 30 मीटर रुंदीची धावपट्टी चालते, एअरबस ए-320 या मोठ्या जेटसाठी 45 मीटर. 'भविष्यात मोठे विमान येईल' म्हणून सरसकट 45 लिहिले की खर्च फुगतो आणि वित्त विभागाचा पहिला प्रश्न तिथेच येतो. टप्पे पाडा: आज एटीआर, जमीन मात्र पुढच्या टप्प्याची.

जमिनीचा हिशेब एकदा हाताने करून बघा. बेलोऱ्याची, म्हणजे अमरावतीची, धावपट्टी वाढवून 1850 मीटर केली. तोच आकडा घेऊ. धावपट्टीभोवती मोकळा पट्टा राखावा लागतो; दोन्ही टोकांना 60-60 मीटर धरले की त्या पट्ट्याची लांबी 1970 मीटर. उपकरणांच्या साहाय्याने उतरायचे असेल तर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना 140 मीटर, म्हणजे रुंदी 280. झाले 55.16 हेक्टर. त्यापुढे प्रत्येक टोकाला सुरक्षा क्षेत्र: किमान 90 मीटर, शिफारस 240 मीटरची, आणि रुंदी धावपट्टीच्या किमान दुप्पट. 240 बाय 60 ची दोन क्षेत्रे म्हणजे 2.88 हेक्टर. एकूण 58 हेक्टरांच्या वर, साधारण 143 एकर. यात टर्मिनल, एप्रन (विमाने उभी करण्याची जागा), अग्निशमन केंद्र, वाहनतळ काहीच धरलेले नाही. नुसत्या धावपट्टीच्या लांबीवरून भूसंपादन काढले की नेमके टोकाचे 300 मीटर राहून जातात. तिथे शेताचा बांध, विहीर किंवा पाणंद रस्ता असतो आणि परवाना त्यावरच अडतो. प्रस्तावाला सातबारा, मोजणी नकाशा आणि गटवार तक्ता जोडा. तक्त्यात 'ताब्यात', 'मोबदला दिला', 'न्यायालयात' असे तीन रकाने वेगळे ठेवा. न्यायालयातला गट लपवू नका. तो कधीतरी बाहेर येतोच, आणि तेव्हा उरलेल्या तक्त्यावरचाही विश्वास उडतो.

अडथळ्यांचे सर्वेक्षण हा प्रस्तावाचा कणा आहे, आणि नेमकी यातच घाई केली जाते. पुनर्विकासाच्या इमारतीसाठी उंचीची एनओसी काढलेल्या मुंबईकराला हे समजावून सांगावे लागत नाही. उपकरण-धावपट्टीच्या टोकापुढे 60 मीटरपासून एक कल्पित उतार सुरू होतो: 50 मीटर पुढे गेल्यावर 1 मीटर वर. थ्रेशोल्डपासून, म्हणजे धावपट्टीच्या उतरण्याच्या टोकापासून, 1260 मीटरवर मोबाईल टॉवर आहे असे समजा. 60 वजा केले की 1200, भागिले 50, म्हणजे 24 मीटर. टॉवरचे टोक थ्रेशोल्डच्या पातळीपेक्षा 25 मीटर वर असेल तर तो 1 मीटरने घुसतो, आणि तेवढ्यासाठी धावपट्टीची वापरता येणारी लांबी कमी करावी लागू शकते. उंची जमिनीपासून नाही, समुद्रसपाटीपासून मोजा. टेकडाडावरचे पाच मीटरचे झाड सपाटीवरच्या टॉवरपेक्षा जास्त नडते. महावितरण आणि महापारेषणच्या तारांसाठी जागेवर जाऊन खांबांचे क्रमांक लिहून आणा, आणि त्या हलवण्याचा खर्च त्यांच्याच लेखी अंदाजाने धरा.

आता अंदाजपत्रक. दर चालू वर्षाच्या राज्य दर सूचीतले घ्या, जीएसटी वेगळा दाखवा, आणि माती परीक्षणाचा अहवाल जोडा. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. माती बदलण्याचा खर्च धरला नाही तर काम सुरू झाल्यावर सुधारित प्रशासकीय मान्यतेसाठी पुन्हा मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. फरसबंदीची ताकद पीसीआर (पेव्हमेंट क्लासिफिकेशन रेटिंग) पद्धतीने लिहा. 28 नोव्हेंबर 2024 पासून जुनी पीसीएन पद्धत गेली, तरी जुन्या अहवालातला आकडा तसाच उतरवलेला सर्रास दिसतो. पावसाच्या पाण्याचा निचरा, कुंपणभिंत आणि गस्तीचा रस्ता ही कामे 'किरकोळ' या सदरात ढकलू नका; सुरक्षेची तपासणी कुंपणापासूनच सुरू होते. अग्निशमन गाडीही याच वेळी मागा. विमानाच्या लांबीनुसार एटीआर-72 अग्निशमनाच्या पाचव्या श्रेणीत येते आणि त्यासाठी किमान एक गाडी लागते. ए-320 सहाव्या श्रेणीत, तिथे दोन.

पर्यावरण मंजुरी लागते की नाही हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्या. व्यापारी वापराचे विमानतळ 2006 च्या अधिसूचनेत येतात. जनसुनावणी लागली तर कामाचे वेळापत्रक तिच्याभोवतीच आखावे लागते.

वेळ साधणे हेही कौशल्य आहे. विभागांचे पुढच्या वर्षाचे अंदाज दिवाळीच्या सुमारास तयार होत असतात, म्हणून पूर्ण प्रस्ताव त्याआधी पोहोचलेला हवा. चुकला तर पुरवणी मागण्यांची वाट. प्रशासकीय मान्यतेचा शासन निर्णय निघाला म्हणजे पैसे आले असे नव्हे. तांत्रिक मान्यता, निविदा आणि बीम्स या राज्याच्या ऑनलाइन अर्थसंकल्प प्रणालीवर प्रत्यक्ष निधी वितरण या पायऱ्या अजून बाकी असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात पडलेला निधी 31 मार्चपर्यंत खर्च झाला नाही की परत जातो. त्यामुळे निविदेची कागदपत्रे मान्यता येण्याआधीच तयार ठेवा.

केंद्राचे अनुदान घेतले असेल तर आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांच्या आत उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. मोजमाप पुस्तिका, देयके आणि जागेची छायाचित्रे पहिल्या दिवसापासून एकाच फाईलमध्ये लावा. मागचे प्रमाणपत्र थकले की पुढचा हप्ता थांबतो, आणि अर्धवट खोदलेल्या विस्तारावर पावसाळा येतो.