पद्मिनीचं इंजिन १:८ मध्ये: आधी पॅकिंग सेट आणा, मग प्लास्टिकला हात लावा

गेल्या दिवाळीत पहिलं इंजिन करायला घेतलं आणि पाऊस सुरू व्हायच्या आत ते कचऱ्याच्या डब्यात गेलं, म्हणून यावेळी कापाकापी करायच्या आधी सगळी तयारी लिहून काढतोय, स्वतःसाठी आणि ज्याला कोणाला मोठ्या स्केलची गाडी करायची खाज आहे त्याच्यासाठी पण. हे १:८ चं मॉडेल, म्हणजे सगळं खऱ्याच्या एक अष्टमांश मापात, गाडी आहे प्रीमियर पद्मिनी, कस्टम, म्हणजे खाली बसवलेली, मागचे टायर रुंद, बंपर गायब, आणि बॉनेट उघडणारं. खऱ्या गाडीचा व्हीलबेस २३४० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे सव्वाएकोणतीस सेंटिमीटरच्या आसपास, एवढ्या मोठ्या गाडीचं बॉनेट उघडून आत काळा रंग मारलेला ठोकळा दिसला तर लाज वाटते राव.

पहिली गोष्ट इंजिन कुठलं. नेटवर अमेरिकन व्ही-एटची ड्रॉइंग ढिगाने पडलीयेत, शेव्हीच्या (शेव्हरोलेच्या) ३५० चं बोअर, म्हणजे सिलिंडरची रुंदी, ४ इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ३.४८ इंच हे लोक झोपेतून उठून सांगतील, पण ते इंजिन हाताने चाचपायला ठाण्यात कुठे जाणार? फोटोत एका बाजूची सावली पडलेली असते, खालचा भाग दिसतच नाही, आणि नेमका तिथेच काय आहे ते पाहिजे असतं. म्हणून माझं मत सरळ आहे, ज्याच्या शेजारी उभं राहता येईल तेच इंजिन घ्या. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपल्या तरी लोकांनी हौसेने ठेवलेल्या गाड्या आहेत अजून, आणि त्या सांभाळणारे म्हातारे मेकॅनिकही आहेत. आमच्या वागळे इस्टेटच्या मागच्या गल्लीतले मामा त्यातलेच. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर एका ओळीत, बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५ मिलिमीटर, आठने भागलं की साडेआठ आणि जवळपास ९.४. एवढे आकडे कुठेही मिळतात, पण यांच्यावरून इंजिनचं बाहेरचं थोबाड बनत नाही.

ते बनतं पॅकिंगवरून, म्हणजे इंजिनच्या दोन भागांच्या जोडात बसवतात त्या गॅस्केटवरून. हेच मला वर्षभर सुचलं नाही. मामांकडे गेलो तेव्हा इंजिन चेन ब्लॉकला लटकलेलं होतं, मी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचा कॅलिपर) घेऊन वाकून वाकून वॉटर पंपाची दोन भोकं मोजतोय आणि दरवेळी वेगळा आकडा येतोय, मामा चहा पीत बघत होते, मग म्हणाले, "अहो ते काय लटकलेल्यावर मोजताय, हे घ्या," आणि खिळ्यावर टांगलेलं जुनं हेड पॅकिंग काढून माझ्या हातात दिलं. तेलकट, एका कडेला जळलेलं, पण चारही बोअर, स्टडची सगळी भोकं, पाण्याच्या वाटा, सगळं जिथल्या तिथे, एकास एक. टायमिंग कव्हरचं पॅकिंग, चेंबरचं (इंजिनच्या बुडाची तेलाची टाकी), वॉटर पंपाचं, मॅनिफोल्डचं, कार्बोरेटरच्या बुडाचं, अख्खा सेट जमिनीवर पसरला तर ते इंजिनचं ड्रॉइंगच आहे की! तेव्हा यादीत सगळ्यात वर पॅकिंग सेट. नवा मिळाला तर उत्तम, कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या स्पेअरवाल्यांकडे विचारा, नाहीतर गॅरेजमधनं जुना उचला, फक्त जुना वाकलेला नाही ना ते काचेवर ठेवून बघा.

हे पॅकिंग कागदावर उतरवताना माझं मागचं इंजिन मेलं, त्यामुळे इथे जरा दमाने. हेडचं पॅकिंग ए-फोर स्कॅनरवर मावत नाही, दोन तुकड्यांत स्कॅन करून जोडावं लागतं, आणि स्कॅन करताना बाजूला स्टीलची पट्टी ठेवायचीच, म्हणजे जोड बरोबर आला का ते कळतं. कॉम्प्युटर नको असेल तर झेरॉक्सवाल्याकडे आधी २५ टक्के आणि मग त्याची ५० टक्के केली की साडेबारा टक्के येतात, म्हणजे बरोबर एक अष्टमांश. काहीही करा, पण ओरिजिनल कागदावर १०० मिलिमीटरची एक रेघ आडवी आणि एक उभी मारून ठेवा, शेवटच्या प्रिंटवर ती दोन्हीकडे साडेबारा भरलीच पाहिजे. मी प्रिंट काढायला पोराकडे पेन ड्राइव्ह दिला, त्याने सवयीने पानात बसवून प्रिंट मारली, आणि सगळं चार टक्के बारीक झालं. चार टक्के डोळ्याला दिसत नाहीत हो. पन्नास मिलिमीटरचा ब्लॉक अठ्ठेचाळीसचा झाला, गिअरबॉक्स आणि माउंटिंग मी सरळ व्हर्नियरच्या आकड्यांवरून केलेली, ती बरोबर होती, आणि महिन्याभराने जोडायला गेलो तर दोन मिलिमीटरची फट. त्या पोराचा काय दोष, रेघ मारायची अक्कल माझीच.

पॅकिंगमधून उंची कळत नाही, ती गॅरेजमध्येच घ्यायची, आणि एकाच फेरीत घ्यायची कारण मामा तुमच्यासाठी इंजिन परत लटकवणार नाहीत. पुलीच्या तोंडापासून बेल हाउसिंगपर्यंत (मागे गिअरबॉक्स जोडतो ते घंटेसारखं कव्हर) लांबी, चेंबरच्या बुडापासून रॉकर कव्हरच्या डोक्यापर्यंत उंची, एअर क्लीनर बसवल्यावरची उंची वेगळी, क्रँकच्या मध्यापासून वर किती खाली किती, माउंटिंगमधलं अंतर. जाताना जुनं फडकं आणि थोडं रॉकेल किंवा पेट्रोल न्या, चिखल पुसल्याशिवाय कडा सापडत नाहीत, पण पुसायच्या आधी एकदा मळकट फोटो काढून ठेवा, तेल कुठून गळतं आणि धूळ कुठे बसते हे नंतर रंग देताना लागणारच. फोटो जवळून काढू नका, तीन-चार मीटर मागे जाऊन झूम करा, कॅमेरा क्रँकच्या उंचीला, नाहीतर पुढची पुली थाळीएवढी दिसते आणि मागचं सगळं आकसतं. फ्रेममध्ये पट्टी हवी. वायरी कुठून कुठे जातात त्याचे फोटो वेगळे, किमान वीस, जास्त झाले तर झाले.

मग ठोकळा. पुठ्ठ्याचा किंवा थर्माकोलचा, एअर क्लीनरसकट, आणि तो बॉडीत ठेवून बॉनेट लावून बघायचं. आपली गाडी कस्टम आहे ना, खाली बसवलीये, त्यामुळे चेंबर रस्त्याला घासतं का आणि वर एअर क्लीनर बॉनेटला लागतो का हे दोन्ही आत्ताच कळलं पाहिजे. माझ्याकडे वर तीन मिलिमीटर कमी पडत होते, माउंटिंग दीड मिलिमीटर खाली घेतलं आणि एअर क्लीनरला थोडी कात्री लावली, कस्टम आहे, चालतं.

आता नट-बोल्ट, आणि इथे मी लांबण लावणारे कारण मॉडेल खरं वाटतं की खेळणं वाटतं ते इथे ठरतं. हिशोब पान्याच्या नंबरवरून करा, सोपं पडतं. दहाचा पाना लागणारा बोल्ट आपल्याकडे सव्वा मिलिमीटरचा, तेराचा म्हणजे १.६, सतराचा २.१, एकोणीसचा २.४, आणि प्लगचा एकवीसचा पाना धरला तर २.६. मोबाइल रिपेअरवाल्याकडचे बारीक स्क्रू मापात बसतात पण डोक्यावर फुलीची खाच असते, १:८ ला ती खाच ओरडून सांगते की मी मोबाइलमधली आहे. षटकोनी डोकंच पाहिजे. बाहेरून मागवलेले मिळतात पण शंभर-दीडशे घ्यायचे तर खिसा फाटतो. याला उपाय आपल्या सोनाराकडे आहे. तार ओढायची जी भोकाभोकांची पोलादी पट्टी असते ना, त्यात गोल भोकांसारखी षटकोनी भोकांची पट्टी पण येते, झवेरी बाजारात सोनारांच्या हत्यारांच्या दुकानात बघा. पितळेची तार लाल होईपर्यंत तापवून गार करायची म्हणजे मऊ पडते, मग मेण लावून एकेका भोकातून खेचत १.६ पर्यंत आणायची, मधे कडक झाली की परत तापवायची. वीतभर षटकोनी काडी निघाली की तिचे काप काढत बसा, टीव्ही बघता बघता होतं. त्याच दुकानातून सोनारी करवतीची पाती डझनभर (तुटतातच), बारीक कानशींचा सेट आणि पिन व्हाइस (बोटांनी फिरवायचं बारीक ड्रिल) उचला. आणि बोल्ट आधी फोटोवर मोजा, प्रत्येक कव्हरचे किती ते लिहा, वर पंधरा-वीस जास्तीचे धरा, कारण ते उडतात आणि सकाळी बाई केर काढून गेली की विषय संपला. सोनाराच्या टेबलाला खाली कातडं लावलेलं असतं ते उगाच नाही, मी जुन्या चादरीचं एक टोक टेबलाला आणि दुसरं कमरेला बांधतो, दिसायला बावळट दिसतं, बायको हसते, पण पार्ट सापडतात.

शीटचं म्हणाल तर स्टायरीन, म्हणजे मॉडेलवाले वापरतात ते भरीव प्लास्टिक, १, अर्धा आणि पाव मिलिमीटर अशा तीन जाडीत. दुकानात नुसतं प्लास्टिक शीट मागितलं की सनबोर्ड हातात ठेवतात, तो कापल्यावर कडेला स्पंजसारखा दिसतो, त्याला धार येत नाही, घेऊ नका. ब्लॉक भरीव करायला शीटवर शीट चिकटवत जाऊ नका, आत सॉल्व्हंट अडकतं आणि प्लास्टिक कित्येक आठवडे मऊ राहून वाकडं होतं. पोकळ डबा, आत आडव्या पट्ट्या, आणि खाली न दिसेल असं हवेचं एक भोक. रॉकर कव्हर मात्र प्लास्टिकचं नकोच. खरा पत्रा मिलिमीटरच्या आसपास असतो, कोल्ड ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१, म्हणजे आठपट केला की बरोब्बर जमतो, लाकडाचा साचा करून त्यावर काडीने घोटायचा. पेट्रोलच्या नळीला इंजेक्शनच्या सुया, त्यांच्या टोपीच्या रंगावरून जाडी कळते, पिवळी ०.९, हिरवी ०.८, काळी ०.७, निळी ०.६ मिलिमीटर, केमिस्टकडून नव्या आणा आणि पहिल्यांदा टोक घासून बोथट करा, मग बाकीचं. रेडिएटरच्या पाइपला ५ मिलिमीटरची काळी हीट श्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी.

प्लगच्या वायरी खऱ्या ७ मिलिमीटरच्या, आपल्याला ०.८ ते ०.९ हव्यात, लॅमिंग्टन रोडला व्हर्नियर घेऊनच जा कारण दुकानदार आतल्या तारेची जाडी सांगतो, आपल्याला कव्हरसकट पाहिजे. डिस्ट्रिब्युटरवर पाच वायरी असतात, चार प्लगच्या आणि मधली कॉइलची. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, रोटर कुठल्या बाजूला फिरतो ते मामांना विचारून कागदावर बाण काढून घ्या, कारण मॉडेल दाखवायला ठेवलं की कोणीतरी काका येतातच जे आयुष्यभर फियाट चालवलेले असतात आणि ते सगळं सोडून पहिलं तेच बघतात.

लेथचं काम लागेल पुल्यांना, पण लेथवाल्यांकडे दीड सेंटिमीटरची एक पुली घेऊन गेलात तर घड्याळवाल्याकडे जा म्हणतात, तेव्हा ड्रिल मशीन टेबलाला आवळून त्यात अॅल्युमिनियमचा रॉड पकडा आणि कानशीने उतरवा, पुलीपुरतं जमतं, चष्मा घाला. फॅन मी थ्रीडी प्रिंट करणारे, त्यावरून स्क्रॅच, म्हणजे सगळं शून्यापासून स्वतः केलेलं मॉडेल, कशाला म्हणायचं असा वाद घालायला लोक येतील, घालू देत.

एकसारखे पार्ट, म्हणजे प्लग, वायरीच्या टोप्या, क्लिपा, यांचा एकच मन लावून करायचा आणि साचा काढून बाकीचे ओतायचे. सिलिकॉन घेताना बघा, प्लॅटिनमवालं असेल तर गंधक असलेल्या मातीला लागून ते सुकतच नाही, लेटेक्सच्या ग्लोव्हजनेही बिघडतं. आणि पॉलियुरेथेन रेझिन जुलैत उघडायचं नाही म्हणजे नाही. ठाण्याच्या दमट हवेत त्याला पाणी लागतं आणि पार्टच्या पोटात बुडबुडे धरतात, माझे बारा प्लग जिलेबीसारखे फुगले होते. ओतकाम आणि स्प्रे दसऱ्यानंतर, पावसात लॅकर मारला तर वर पांढरी साय धरते ती वेगळीच. तोवर कापणं, घासणं, बोल्ट करणं.

रंगाचं फार नाही. मामांच्या इंजिनात ब्लॉक बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचं, तर ब्लॉकला प्रायमर ओला असतानाच जाड ब्रशने टोचून खडबडीत करायचं, हेड त्यापेक्षा गुळगुळीत, कव्हर एकदम साफ, तीन पोत वेगळे दिसले की रंग अर्धा झालाच. मास्क धुळीचा नको, सॉल्व्हंटच्या वाफेचा काडतूसवाला घ्या, गॅलरीत मारताना खालच्यांचे कपडे वाळत नाहीत ना ते बघा.

शेवटी किरकोळ. मिठाईचे रिकामे डबे सात-आठ, प्रत्येकावर नाव, हेड, चेंबर, पुढची बाजू, इलेक्ट्रिक. साडेबारा टक्क्यांच्या प्रिंटा दोन सेट, एक कापायला आणि एक कपाटाच्या दाराला चिकटवायला. आणि व्हर्नियरचे सेल, एलआर ४४, दोन जास्तीचे, बंद करून ठेवला तरी तो आतल्या आत सेल खातो आणि संपतो तो बरोबर रविवारी दुपारी.